मुंबई, अर्धा सूत बाहेर

मुंबई महाराष्ट्राबाहेर काढायला त्या काळी मोठमोठ्या लोकांनी जंग जंग पछाडलं आणि त्यांना ते जमलं नाही. मी मात्र एका संध्याकाळी सव्वापाच वाजता, एका सहीनं, ती बाहेर काढून ठेवली होती. फार नाही, अर्धा सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. अर्धा सूत म्हणजे तिळाच्या रुंदीएवढं काहीतरी.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी "नोकरीतल्या आठवणी लिहा" म्हणून गळ घातली, तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांचं लिहिलेलं तपासलं, आता स्वतःचं कोण तपासणार? पण ही एक गोष्ट पोटात ठेवून मला वर जायचं नाही. म्हणून लिहितेय.

मी सरकारच्या ग्रंथप्रकाशनाच्या एका खात्यात मुद्रितशोधक होते. ते खातं आता त्या नावानं उरलेलंही नाही, तेव्हा नाव विचारू नका. इतिहास, लोककला, सण, किल्ले, पंचायती, असल्या विषयांवरची जाडजूड पुस्तकं आम्ही काढत असू. लोकांना वाटतं, सरकारी पुस्तक म्हणजे धूळ खाणारं बाड. अहो, एकेका पुस्तकावर चार-चार वर्षं माणसं राबायची! बांधणी पक्की, कागद झकास, आणि किंमत एवढी कमी की परळचा गिरणी कामगारसुद्धा पगाराच्या दिवशी एखादं काखेत मारून घरी जायचा. आमच्या विक्रीच्या खिडकीवर असे कामगार मी डोळ्यांनी पाहिलेत. पुस्तक हातात घेण्याआधी ते हात धोतराला पुसायचे.

आमचे मुख्य संपादक अण्णा. दादरला राहायचे, दम्यानं बेजार, आवाज असा की जिन्यात लोक थांबायचे. त्यांचं एक वाक्य ठरलेलं: "खाजगी पुस्तक चुकलं तर लेखक चुकला. आपलं पुस्तक चुकलं तर सरकार खोटं बोललं." आणि हा माणूस नुसता बोलायचा नाही. किनाऱ्यावरच्या लोकजीवनाचं पुस्तक चाललं होतं, तेव्हा माहीमच्या कोळीवाड्यातल्या हिराबाईंना त्यांनी होडीचं चित्र दाखवलं. हिराबाई मासळी विकायच्या, अक्षरशत्रू, पण समुद्र तोंडपाठ. त्या चित्र बघून फिसकन हसल्या. "ह्यो शीड बांधणारा बुडाला काय रं अण्णा?" शिडाची दोरी उलट्या बाजूला बांधलेली होती म्हणे. दुसऱ्या दिवशी पहाटे अण्णा चित्रकाराला घेऊन, धापा टाकत, किनाऱ्यावर हजर. चित्र नव्यानं काढलं. हिराबाईंना त्यांनी शब्द दिला की पुस्तक झालं की पहिल्यांदा तुम्ही बघायचं.

त्याच पुस्तकाच्या शेवटी एक घडीचा मोठा नकाशा होता. समुद्र, नद्या, गावं काळ्या शाईत, आणि पुस्तकात ज्या मुलखाचं वर्णन आलं होतं त्याच्याभोवती एक लाल रेघ. वर मथळा, 'मराठी मुलूख'. एरवी कुणी दोनदा बघितलं नसतं. पण दिवस कसले होते! द्विभाषिक राज्य डोक्यावर बसलेलं, गोळीबारात माणसं गेलेली, गिरगावातल्या पोरासोरांच्या तोंडी 'मुंबईसह' हा एकच शब्द. अशा वेळी सरकारी नकाशावरची लाल रेघ म्हणजे नुसती रेघ राहत नाही.

आता छपाई कशी होते ते थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. दोन रंगांचा नकाशा एकदम छापत नसत. आधी सगळे ताव काळ्या शाईत काढायचे, ते वाळले की पुन्हा मशीनीत घालून, लाल रेघेचा वेगळा ठोकळा लावून, लाल. दुसरा रंग पहिल्यावर नेमका बसावा म्हणून तावाच्या चारी कोपऱ्यांत अधिकाच्या चिन्हासारखी एकेक खूण असते. काळ्या खुणेवर लाल खूण तंतोतंत बसली की रंग बरोबर. नंतर बांधणीत कडा कापतात आणि खुणा रद्दीत जातात. आणि आमच्या छापखान्याचा कडक रिवाज असा: लाल शाईचा पहिला चांगला ताव वाचकाकडे, म्हणजे माझ्यासारख्या मुद्रितशोधकाकडे, आणायचा. वाचकानं तो तपासून 'छापा' असं लिहायचं, खाली सही, सहीखाली वेळ. तो सहीचा ताव. सही झाली की मशीन सुरू, मग मशीनमननं तोंड उघडायचं नाही, ब्रह्मदेव आला तरी.

मशीनमन होते परब. मूळचे मालवणकडचे, राहायला लालबागला, केस पांढरे, हात काळे. मोर्चात चार दिवस आत जाऊन आलेले आणि त्यामुळे त्यांच्या फाइलीवर शेरा पडलेला. कामात असा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. मशीनीचा आवाज ऐकून सांगायचे, कुठला रूळ कुरकुरतोय. एकच गोम होती. जवळचं बारीक त्यांना दिसेनासं झालं होतं. खात्याला माहीत नव्हतं, मला होतं. बारीक काही असलं की ते ताव घेऊन माझ्या टेबलाशी यायचे आणि उगाच विचारल्यासारखं विचारायचे, "बाई, ह्या बरा दिसता मा?" मी "दिसतंय" म्हटलं की जायचे.

नकाशाचे काळे ताव छापून झाले त्याच दिवशी दुपारी बातमी आली की परळला लाठीमार झालाय. क्षणात छापखाना रिकामा. पुढे दोन दिवस कडकडीत हरताळ. आमची इमारत माहीमच्या बाजूला, खाडीकडे पाठ करून उभी. तावांची थप्पी मागच्या खिडकीशी उघडीच राहिली, तिच्यावर ताडपत्री घालायची राहून गेली. दोन दिवस, दोन रात्री त्या कागदानं खाडीचा वारा खाल्ला.

तिसऱ्या दिवशी काम सुरू झालं. संध्याकाळी पाचच्या सुमारास परब लाल रेघेचा पहिला ताव घेऊन आले. "बाई, पलीकडची कड नीट बघा हां. कागदाचो माका भरवसो नाय."

"हो हो, बघते," मी म्हटलं.

बघितलं काय? शिवाजी पार्कवर सहा वाजता सभा होती. सरकारी नोकरांना बंदी, पण मी डोक्यावरून पदर घेऊन बायकांच्यात बसायची. माझं सगळं लक्ष घड्याळाकडे. त्यात माझं टेबल लहान, ताव मोठा, म्हणून तो मधोमध दुमडला. गावांची सगळी नावं वाचली. एकूण एक! वाचणारीच मी; अक्षर चुकलं तर माझ्या अंगावर काटा यायचा. जवळच्या दोन कोपऱ्यांतल्या खुणा बघितल्या, झकास बसलेल्या. दुमडलेली बाजू उलटलीच नाही. 'छापा' लिहिलं, सही केली, वेळ घातली सव्वापाच. ताव त्याच दिवशी कपाटात लावायचा असतो, तोही ड्रॉवरमध्ये कोंबला आणि पळाले. सभेत घसा बसेपर्यंत ओरडले, "मुंबई आमची!" आणि इकडे मशीन धडधडत मुंबईला बाहेर काढत होतं.

महिन्याभरानं पुस्तकं बांधून आली. अण्णा तेव्हा दम्यानं अंथरुणाला खिळलेले, रजेवर. त्यांचा शब्द म्हणून मी हिराबाईंना बोलावलं. त्या पाटी बाहेर ठेवून, हात धुऊन, विक्रीच्या खिडकीशी आल्या. होडीचं चित्र बघून खूश झाल्या. मग म्हणाल्या, "माजा माहीम दाखव बाय." मी नकाशा उलगडला, त्यांचं बोट धरलं आणि मुंबईच्या ठिपक्यावर ठेवलं.

"आनि ही लाल रेघ कसली?"

"तुमचा सगळा मुलूख या रेघेच्या आत आहे."

हिराबाई वाकल्या. बोट रेघेवरून फिरवलं, पुन्हा ठिपक्यावर आणलं. "मंग आमी भायेर कशे?"

मी वाकून बघितलं. ठिपका रेघेच्या बाहेर होता. जेमतेम, पण बाहेर. सगळा किनाराच रेघेबाहेर सरकला होता, आणि किनाऱ्यावर बसलेली मुंबई त्याच्याबरोबर. शेजारी एक मास्तर पुस्तक चाळत उभे होते. त्यांनी आपल्या प्रतीतला नकाशा उलगडला, चष्मा लावला, आणि पैसे टाकून पुस्तक घेऊन तरातरा निघून गेले.

मी संध्याकाळी गिरगावात उतरले तर आमच्या नाक्यावरच्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं: 'सरकारी नकाशात मुंबई महाराष्ट्राबाहेर! जाब विचारा!' घरी गेले तर धाकटा भाऊ तावातावानं आईला तेच सांगत होता. "कोण हलकट असेल गं तो, ताई? तुमच्याच खात्यातला ना? त्याचं तोंड काळं केलं पाहिजे!" आई म्हणाली, "जेव आधी." मी जेवले नाही. डोकं दुखतंय म्हटलं.

दुसऱ्या दिवशी फाटकाशी दोनशे माणूस. आमचे मोठे साहेब महसुलातून नुकतेच बदलून आलेले, छपाईतलं ओ की ठो माहीत नाही. त्यांनी चौकशी लावली आणि टिपणं घ्यायला बसवलं मला. कारण माझं अक्षर चांगलं! परबांना समोर उभं केलं.

"ही रेघ तुम्ही मुद्दाम सरकवलीत. मुंबई बाहेर दाखवायची, लोकांना चिथवायचं आणि सरकारला अडचणीत आणायचं. तुमची फाइल माझ्यासमोर आहे."

"साहेब, मी मुंबई भायर काढीन? त्यापेक्षा माझो हात झडांदे."

"मग रेघ आपोआप सरकली?"

"रेघ नाय सरकली. कागद वाढलो."

"कागद वाढला?" साहेबांनी टेबलावर थाप मारली. "कागद काय बाळ आहे वाढायला?"

"वाढता साहेब. वारो ओलो असलो की कागद पाणी पिता आणि वाढता. काळो छापलंव तेव्हा कागद सुको होतो. हरताळात वारो खावन वाढलो, काळी मुंबई त्याच्याबरोबर सरकली. लाल ठोकळो होतो तेवढोच. थप्पी झाकूक मी इसारलंय, ती चूक माझी. कोपऱ्यातल्यो खुणा बघा, तुमकाच कळात."

"दाखवा खुणा."

"त्यो बांधणीत कापल्यो साहेब."

"वा! पुरावा रद्दीत. एकही न कापलेला ताव नाही?"

माझं पेन थांबलं. एक होता. माझ्या ड्रॉवरमध्ये, दुमडलेला, माझ्या सहीसकट. अण्णा असते तर पहिला प्रश्न तोच केला असता: सहीचा ताव कुठे आहे? साहेबांना असा ताव असतो हेच ठाऊक नव्हतं. खोलीत ते ठाऊक असलेली माणसं दोनच, मी आणि परब. त्यांनी माझ्याकडे मान वळवूनसुद्धा बघितलं नाही.

"नाय साहेब," ते म्हणाले.

आणि मी, शहाणी, खाली मान घालून लिहिलं, 'नाही'. परबांना उद्यापासून निलंबित करायचं ठरलं, प्रकरण पुढे पोलिसांकडे द्यायचं. तेही मीच लिहिलं, सुवाच्य अक्षरात.

दुपारी मी खाली मशीनीवर गेले. परब एकटेच, रूळ पुसत होते. निलंबन होणारा माणूस रूळ कशाला पुसतो? मी म्हटलं, "परब, ताव माझ्याकडे आहे. तुम्हाला माहितीये. तुम्ही सांगितलं का नाही?"

"गप रवा बाई. तुमचो कायमचो कागद साहेबाच्या टेबलार आसा. घरात आवस आसा, भाव शिकता. माझा काय? नोकरीची तीन-चार वर्सां रवली. गावाक जायन, कलमां लावीन."

खरं होतं ते. मी अजून हंगामी होते. वडील गेल्यावर आमचं घर त्या नोकरीवर चाललं होतं, आणि कायम होण्याचा माझा कागद त्याच आठवड्यात सहीला गेला होता. एक कबूल करते, आणि ते लिहिताना आजही माझे कान गरम होतात: त्यांचं बोलणं ऐकून क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

"पण तुम्हाला पोलीस नेतील!"

"नेतीत. आधी पण नेल्यानी."

"माझं नाव सांगायचं होतंत, परब."

त्यांनी फडकं खाली ठेवलं. "मी कित्याक सांगू? सही तुमची. तोंड पण तुमचाच होया." रागावून नव्हे हो, अगदी साधेपणानं म्हणाले. मशीनचा एखादा नियम सांगावा तसं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साहेबांच्या खोलीत न विचारता शिरले आणि ताव त्यांच्या टेबलावर उलगडला. फाइली, पेला, घंटी, सगळं त्याच्याखाली. परबांनाही बोलावून घेतलं. म्हटलं, "साहेब, तुमची पट्टी द्या. ही कड मशीनीला टेकवतात ती. इथल्या दोन्ही खुणा बघा. लाल काळ्यावर बरोबर बसलीय. आता पलीकडे या. इथे लाल खूण अर्धा सूत मागे. तिथे शून्य, इथे अर्धा. ठोकळा कुणी सरकवला असता तर चारी कोपऱ्यांत सारखाच फरक पडला असता. इथे तो वाढत गेलाय, कारण कागद वाढलाय."

साहेबांनी स्वतः पट्टी लावली. एकदा, दोनदा. त्यांचं एक मानलं पाहिजे: माणूस तापट होता, पण पट्टीला खोटं पाडणारा नव्हता. तिसऱ्यांदा मोजून ते खुर्चीत बसले. मग त्यांचं बोट खालच्या ओळीवर गेलं.

"ही सही?"

"माझी."

"फरक तेव्हाच दिसत होता?"

"बघितला असता तर दिसला असता. ताव दुमडला होता, ती बाजू मी उलटली नाही. परबांनी बघायला सांगितलं होतं, तरी."

"सव्वापाच. घाई कसली होती?"

खोटं सांगता आलं असतं. आईचं औषध, काहीही. पण ताव समोर पसरलेला होता. "सभेला जायचं होतं," मी म्हटलं.

"कसली सभा?"

"मुंबईची."

साहेब माझ्याकडे बघतच राहिले. मग नकाशाकडे. आणि मग, शपथ सांगते, त्या कडक माणसाचे ओठ हलले. हसू आवरायला त्यांनी खिडकीकडे तोंड वळवलं. "म्हणजे मुंबई वाचवायला जाताना..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. माझ्यामागे परब जोरात खोकले.

परबांवरचं सगळं मागे घेतलं. माझा कायमचा कागद मात्र परत आला, त्यावर शेरा: 'एक वर्ष थांबावे.' योग्यच होतं. आईनं ते वर्ष शिवणाच्या मशीनीवर काढलं आणि मला एका शब्दानं बोलली नाही. भावाला मी त्याच आठवड्यात सांगितलं की तो हलकट मीच. तो माझ्याआधी नाक्यावर जाऊन फळा पुसून आला. अण्णा बरे होऊन आले तेव्हा त्यांनी सगळ्या प्रतींतले नकाशे काढायला लावले आणि नवे छापून हातानं चिकटवायचं ठरवलं. चिकटवणारी मुख्य मीच. महिनाभर माझ्या बोटांना खळीचा वास होता. नवा सहीचा ताव परबांनी टेबलावर आणलाच नाही, खोलीत फरशीवर अंथरला. मी गुडघ्यांवर बसून चारी कोपरे बघितले, सबंध रेघेवरून बोट फिरवलं, मगच सही केली. पहिली प्रत घेऊन मी कोळीवाड्यात गेले. हिराबाईंनी बोट फिरवलं, म्हणाल्या, "हां, आता घरात आयलू."

आता एवढंच राहिलं. राज्य मिळालं तेव्हा आमच्याकडे नव्या राज्याचा नकाशा छापायला होता. काळे ताव आदल्या दिवशी निघाले होते, लाल रेघ सुट्टीनंतर. त्या दिवशी सगळी मुंबई रस्त्यावर. ढोल, ताशे, गुलाल, पेढे. मीही नवं लुगडं नेसून शिवाजी पार्ककडे निघाले होते. दादरपर्यंत गेले आणि एकदम आठवलं. तावांची थप्पी! मागची खिडकी! तशीच वळले आणि माहीमच्या दिशेनं सुटले.

फाटकावरचा शिपाई म्हणाला, "बाई, आत आहेत कोणीतरी."

मशीनच्या खोलीत परब. अंगात धुतलेला पांढरा सदरा, कपाळाला गुलाल, हातात ताडपत्रीचं एक टोक. दुसरं टोक त्यांना एकट्याला पोचत नव्हतं. मी जाऊन ते धरलं. बाहेरून ताशा ऐकू येत होता. आम्ही दोघांनी ताडपत्री चारी बाजूंनी खाली खेचली, कडा दुमडून आत घातल्या, वर लाकडी फळ्या ठेवल्या.

"परब," मी म्हटलं, "मिरवणूक सोडून आलात?"

त्यांनी ताडपत्रीवरून हात फिरवला. "आधी हिका झाकतंय बाई. मागे एकदा उघडी टाकून गेलंय."